न परतलेली बोट

ती दुपार काही केल्या मनातून जात नाही. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सागरी पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. दूर उत्तरेला सीमेवर लढाई पेटली होती. आमच्याकडे सगळं शांत होतं, पण टीव्हीसमोरून कुणी हलत नव्हतं. वरून आदेश आला: मासेमारी बोटी ताबडतोब परत बोलवा, मालकांना जेटीवर गोळा करून खात्री करा. त्यानंतर जी बोट समुद्रात दिसेल आणि उत्तर देणार नाही, ती शत्रूची समजली जाईल.

मालक जमले. प्रत्येकानं सगळ्यांसमोर आपापली बोट आल्याचं सांगितलं. एकच जण म्हणाला, "माजी जयगडला हाय साहेब, दुरुस्तीला. इंजिन काडलाय." सर्व बोटी किनाऱ्याला असल्याचा संदेश मी नियंत्रण कक्षाला दिला.

थोड्याच वेळात, सगळ्यांत शेवटी परतलेल्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, धापा टाकत ठाण्यात आला. खोल पाण्यात त्याला एक बोट दिसली होती. "वायरलेसला उत्तर नाय. आमाला बगितल्यान नि तोंड फिरवून पळाली."

आपल्या सगळ्या बोटी घरी, मग ही कुणाची? तटरक्षक दलाला कळवलं. त्यांचं जहाज निघालं.

मालक अजून ठाण्याच्या आवारातच घुटमळत होते. बंदी कधी उठणार, एवढाच सगळ्यांचा प्रश्न. पावसाळी बंदी तोंडावर आलेली, हंगामाचे शेवटचे दिवस असे वाया चाललेले. जयगडवाला मात्र वेगळंच विचारत होता. "ती बोट गावली तं काय करतील?" आधी हवालदारांना, मग मला, मग पुन्हा हवालदारांना. ज्याची बोट दुरुस्तीला पडली आहे त्याला परक्या बोटीची एवढी काळजी का, हे मला कळेना. मी जयगडला फोन लावला. तिथं त्याची बोट नव्हती.

त्याला आत घेतलं. आवाज चढवला, कायद्याची भीती घातली. तो दुरुस्तीचंच पालुपद लावत राहिला. शेवटी मी आदेश जसाच्या तसा सांगितला आणि विचारलं, "बोटीवर कोण आहे?"

"धाकटा भाव," तो म्हणाला. पण त्याची नजर खिडकीकडे गेली. बाहेर बाकीचे मालक उभे होते. मी त्या सगळ्यांना जेटीवर पिटाळलं आणि खिडकी लावून घेतली. तेव्हा त्याला कंठ फुटला.

"चांगली जागा गावली हाय साहेब. सांगितली तं उद्या सगला बंदर तितं."

मासळीची जागा सापडली की ही मंडळी वायरलेस आणि ठावठिकाणा दाखवणारं यंत्र बंद ठेवतात आणि गावात बोट दुरुस्तीला गेल्याचं सांगतात. म्हणूनच दुसरी बोट दिसताच ती पळाली होती. आतल्या आठ जणांना लढाई सुरू झाल्याचा पत्ताही नव्हता. आणि हा बाबा चारचौघांत एकदा खोटं बोलून बसलेला, मागे फिरायची सोय नाही.

त्यानं जागा सांगितली. मी तटरक्षक दलाशी फोनवर ओरडूनच बोललो असेन: बोट आपली आहे, आठ खलाशी आहेत, यंत्रं मुद्दाम बंद ठेवली आहेत. पलीकडून "कळलं" एवढंच आलं. मालकानं पाणी मागितलं आणि ग्लास हातात तसाच धरून ठेवला. मला खुर्चीत बसवेना. मी खरंच घाबरलो होतो. माझ्या फोनच्या आधीच जहाज तिथं पोहोचलं असेल का, हेच दोघांच्याही मनात होतं.

शेवटी निरोप आला. आठही जण सुखरूप.

संध्याकाळी बोट जेटीला लागली. धाकटा उडी मारून उतरला आणि तडक भावासमोर येऊन उभा राहिला.

"जागा सांगितलीस?"

"सांगितली," मोठा म्हणाला, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला. धाकट्याला काही उमगेना.

सागरी सुरक्षेचं सगळं धोरण मच्छीमार आम्हाला माहिती देईल या भरवशावर उभं आहे. त्याचं पोट मात्र माहिती न देण्यावर चालतं. त्याला चारचौघांत विचारून खरं उत्तर कसं मिळणार? उरलेल्या नोकरीत मी प्रत्येक मालकाला एकटं भेटलो, दार लावून, आणि जागा ठाण्याबाहेर जाणार नाही असा शब्द दिला. मग ते सांगू लागले.

ती जागा मला अजून पाठ आहे. घरी बायकोनं बऱ्याचदा विचारलं, तिलाही सांगितलेली नाही.