टाकीत उतरणारी मावशी

माझ्या मावशीची उंची चार फूट आठ इंच. लग्नाच्या वेळी या उंचीवरून घरात बरीच चर्चा झाली होती म्हणे, पण पुढे याच उंचीने तिला नोकरी मिळवून दिली. ती डेअरीत बाटल्या भरण्याच्या विभागात होती. दुधाचे टँकर आतून धुवायला माणूस हवा होता आणि टँकरच्या डोक्यावरचं तोंड इतकं लहान, की धडधाकट गडी खांद्यापाशी अडकायचा. मुकादमाने मावशीला बोलावलं, त्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "जाशील?" मावशीने चपला काढल्या, शिडी चढली, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि सुळकन आत गेली. तेव्हापासून डेअरीत तिचं नाव मुंगी पडलं.

सत्तावीस वर्षं तिने हे काम केलं. रबरी बूट, गरम पाण्याचा पाइप, लांब दांड्याचा ब्रश आणि कपाळावर बांधायचा दिवा. टँकरच्या पोटात ठरावीक अंतरावर आडवे पत्रे असतात. गाडी वळली की दूध डचमळून गाडी उलटू नये, म्हणून ते बसवलेले असतात. मावशी त्या पत्र्यांतल्या भोकांमधून एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जायची. कुठला टँकर कुठे खरवडतो, कुठल्या कोपऱ्यात साय धरून बसते, हे तिला तोंडपाठ होतं.

एकदा मात्र ती आत असतानाच ड्रायव्हरने झाकण लावलं आणि गाडी फाटकावरच्या रांगेत नेऊन उभी केली. ती चाळीस मिनिटं आत होती. मी लहानपणी तिला विचारलं होतं, "मावशी, तू ओरडली नाहीस?"

"ओरडून काय? टाकीत ओरडलं की आपलंच ओरडणं आपल्या अंगावर येतं आणि आपणच आणखी घाबरतो. मी ब्रशच्या दांड्याने तीनदा ठोकायची, थांबायची, पुन्हा तीनदा ठोकायची. ड्रायव्हरने इंजिन बंद केल्यावर त्याला ऐकू आलं."

बाहेर आल्यावर तिने दोन तांबे पाणी प्यायलं, ड्रायव्हरची यथेच्छ खरडपट्टी काढली आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला गेली.

मग डेअरीत यंत्र आलं. भोकं पाडलेला एक पोलादी चेंडू टँकरमध्ये सोडायचा, तो गरगर फिरत चारी बाजूंना पाणी मारतो. वीस मिनिटांत टँकर लख्ख. व्यवस्थापकांनी मावशीला फाटकापाशी खुर्ची देऊ केली. ती आठवडाभर बसली आणि मग घरी आली ती आलीच. घरात एकच पातेलं तासन्‌तास घासत बसायची. काका बस कंडक्टर, दिवसभर माणसांत राहणारे. संध्याकाळी घरी आले की म्हणायचे, "अगं, त्या पातेल्याला आता सोड. उद्या त्यातून पलीकडचं दिसायला लागेल." ती हसायची नाही. दीड वर्ष ती अशीच घरात वावरत होती. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची, एवढंच.

मी तेव्हा गावाबाहेरच्या अंतराळ संशोधन केंद्राच्या भांडारात कारकून होते. खिळे, हातमोजे, चिकटपट्ट्या यांच्या नोंदी ठेवायच्या. एके दिवशी मोठ्या शेडमधून मागणी आली, की एक जुनी टाकी आतून साफ करायची आहे, माणसं पाठवा. कंत्राटदाराची दोन माणसं आली, तोंडातून आत डोकावली आणि "आमच्याच्याने होणार नाही" म्हणून परत गेली. मी मॅडमना सांगितलं, "माझी मावशी आहे."

मॅडम म्हणजे त्या प्रकल्पाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मावशीला टाकीशेजारी उभं करून सगळं समजावून सांगितलं. अग्निबाणाचा शेवटचा टप्पा चंद्रावर उतरला की त्याचं काम संपतं. इंधन संपलेलं असतं आणि उरते ती भलीमोठी रिकामी टाकी. आजवर ती भंगार म्हणून तिथेच पडून राहायची. आता ती आडवी करायची, उरलंसुरलं इंधन बाहेर सोडून द्यायचं, वरून चंद्रावरच्या मातीची पोती रचायची, आत हवा भरायची आणि माणसांनी राहायचं. घर बांधायचं सामान इथून वेगळं न्यायला नको. ही शेडमधली टाकी अगदी तशीच होती. फक्त ती कधी उडाली नव्हती, चाचणीपुरती बनवलेली होती. बरीच वर्षं पडून राहिल्याने आत कबुतरांनी संसार थाटला होता.

मावशीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे टँकरमध्ये राहायचं?"

"हो, तसंच म्हणा."

"बरं," मावशी म्हणाली आणि बूट चढवायला बसली.

साफसफाईला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मावशीचा आवाज बदलला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता ती मला आतल्या गोष्टी सांगायची. टाकी ॲल्युमिनियमची आहे, पोलादापेक्षा आवाज हलका येतो. आतून गोल गोल कडी बसवलेली आहेत, अकरा आहेत, प्रत्येक कडं वीतभर रुंद. "इंधनसुद्धा दुधासारखंच डचमळतं बघ," असं ती म्हणाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी खुशी दिसली.

नवव्या दिवशी तिचं काम संपलं. ती सामान आवरत होती आणि मॅडमच्या हाताखालचा एक अभियंता, जाड चष्म्याचा, म्हणून सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत, तो खडूने त्या कड्यांवर खुणा करत आत फिरत होता.

"या खुणा कसल्या?" मावशीने विचारलं.

"इथून कापायचं मावशी. ही सगळी कडी काढून टाकायची. इंधन संपलं की त्यांचं काम संपलं. उगाच जागा अडवतात. चंद्रावर गेलेली माणसं आधी ती कापतील, मग आत जमीन टाकतील."

मावशीने एका कड्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "कापू नका हो."

चष्मेवाला हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "का?"

"गुळगुळीत टाकीत कधी काम केलंय तुम्ही? पाय कुठे टेकवणार? सामान कशाला बांधणार? टँकरमध्ये मी सत्तावीस वर्षं त्या पत्र्यांच्याच आधाराने काम केलं. आणि कापलेला पत्रा कसा असतो माहीत आहे ना? ब्लेडसारखा. ते लोक जाड हातमोजे घालणार. मोजा फाटला तर?"

यावर चष्मेवाला हसला नाही. चंद्रावर हातमोजा फाटला तर काय होतं, हे त्याला मावशीपेक्षा जास्त माहीत होतं. पण कापायचा बेत दोन वर्षांच्या मेहनतीने तयार झाला होता, आराखडे मंजूर झाले होते. तो म्हणाला, "आम्ही चाचणी घेणारच आहोत." आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

मावशी घरी जायला निघाली तेव्हा मॅडमनी तिला थांबवलं. "चाचणीच्या दिवशी याल? आत काही सांडलं, पडलं तर साफ करायला माणूस लागेल." मला वाटतं, साफसफाई हे निमित्त होतं.

चाचणी आठवड्याने झाली, सकाळी दहा वाजता. चंद्रावर घालायचा पोशाख चष्मेवाल्याने स्वतः चढवला. फुगवलेला पोशाख, पाठीवर हवेचं ओझं, डोक्यावर काचेचा गोल. हातात कापायचं यंत्र. त्याला टाकीच्या तोंडातून आत सरकवायलाच पाऊण तास गेला. मग आत घर्रघर्र सुरू झाली. पहिलं कडं निम्मं कापून होईपर्यंत बारा वाजले. टाकीच्या तळाशी धातूचा किस साचला होता आणि त्यावरून त्याचे बूट घसरत होते. उरलेल्या अर्ध्याकडे वळताना तो घसरला. पाठीवरचं ओझं कापलेल्या तुकड्याच्या वाकड्या टोकात अडकलं आणि तो अर्धवट बसलेला, अर्धवट लटकलेला असा अडकून पडला.

जखम नव्हती. हवा मिळत होती. पण पोशाखातल्या माइकमुळे त्याचा श्वास सगळ्या शेडला ऐकू येत होता, आणि तो वाढत चालला होता. बाहेर एकच गडबड उडाली. सगळे एकाच वेळी सूचना द्यायला लागले. "डावीकडे वळ!" "हलू नकोस!" "पट्टा सोड!" "पट्ट्याला हात लावू नकोस!"

मावशी मॅडमपाशी गेली. "यांना जरा गप्प करा. मी जाते आत."

मॅडमनी हात वर केला. शेड शांत झाली. मावशीने साडीचा पदर खोचला, रबरी बूट चढवून शिडी चढली आणि आत गेली. पुढचं आम्ही फक्त ऐकलं. आधी तीन टकटक. मग तिचा आवाज, अगदी स्वयंपाकघरात बोलावं तसा.

"मी आले आहे रे. तुझ्या मागे आहे. मला बघायची गरज नाही."

"मावशी, मला... मला वळता येत नाही..."

"वळायचं नाहीच आहे. मी ठोकते, तू मोज. तेवढंच काम तुला. बाकीचं मी बघते."

टकटक. "एक." टकटक. "दोन." सतरापर्यंत आला तेव्हा त्याचा श्वास सावरला. तिसाव्याला मावशीने ओझ्याचा पट्टा त्या टोकावरून सोडवला. बत्तिसाव्याला ती म्हणाली, "आता उजवा पाय खाली कर. कडं लागलं पायाला? हां, ते न कापलेलं आहे. त्यावर उभा राहा."

तो त्यावर उभा राहिला.

बाहेर आल्यावर त्याच्या डोक्यावरचा काचेचा गोल काढला. घामाने त्याचे केस कपाळाला चिकटले होते. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन त्याने पेला खाली ठेवला. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, कडी ठेवू या." आणि मावशीकडे बघून म्हणाला, "सांगितलं होतंत तुम्ही. मी ऐकलं नाही."

"आता ऐकलंस ना, झालं तर," मावशी म्हणाली. मग टाकीतला किस गोळा करायला झाडणी आणि सुपली घेऊन पुन्हा आत गेली.

त्यानंतर मावशी केंद्रात रोज यायला लागली. तिच्या हुद्द्याला नाव काय द्यायचं यावर कार्यालयात महिनाभर कागद फिरत होते. शेवटी 'बंदिस्त जागेतील कामाच्या सल्लागार' असं ठरलं. काकांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे मुंगीच, पण बढती मिळालेली." नवा आराखडा झाला. कडी जिथल्या तिथे. इंजिनाभोवतीच्या कवचाचे पत्रे काढायचे आणि खालच्या कड्यांवर आडवे टाकायचे, की झाली जमीन. बाजूच्या कड्यांना दोऱ्या, पिशव्या, झोपायचे झोळणे. कापायचं काही नाही, फक्त बसवायचं आणि बांधायचं. फुगलेल्या हातमोज्याने बांधता येईल अशी गाठ मावशी आणि चष्मेवाल्याने मिळून शोधली. त्यात त्यांची तीनदा भांडणं झाली. सगळी मी भांडाराच्या खिडकीतून ऐकली आहेत.

चार वर्षांनी टाकी चंद्रावर आडवी झाली. दुपारची वेळ होती. केंद्राच्या सभागृहात मोठा पडदा लावला होता. मावशी आणि काका पहिल्या रांगेत. दोन प्रवासी आत शिरले. दिवा हलला आणि एकामागे एक कडी उजळत गेली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडम रडत होत्या. मावशी पुढे वाकून काहीतरी बारकाईने बघत होती.

"काय झालं गं?" काकांनी विचारलं.

"पायाला केवढी माती आहे बघा त्यांच्या. दाराशी पायपुसण्याचं कुणाला सुचलंच नाही."

दुसऱ्या आठवड्यात तिकडून निरोप आला. सगळं उत्तम आहे, फक्त झोप लागत नाही. आत हवा भरल्यापासून टाकी घुमते. चमचा ठेवला तरी घंटा वाजल्यासारखा आवाज होतो, एक जण खोकला की दुसरा दचकून जागा होतो. अभियंत्यांनी गणितं मांडली. मावशीने विचारलं, "त्या इंजिनावर सोनेरी कागदासारखी जाड रजई गुंडाळलेली होती ना? तिचं काय केलं?"

"काढून बाहेर ठेवली आहे," चष्मेवाला म्हणाला. "तिचं काम संपलं म्हणून..." आणि स्वतःच थांबला.

त्यांनी ती रजई झटकून आत घेतली, तिचे पट्टे केले आणि दोन कड्यांच्या मध्ये पडद्यांसारखे टांगले. घुमणं बंद झालं. टाकीत आपोआप तीन खोल्याही झाल्या. आता तिकडे जाणारी प्रत्येक तुकडी आधी दोन दिवस मावशीकडे येते. ती त्यांना शेडमधल्या टाकीत नेते, दिवा विझवते आणि म्हणते, "आता हाताने चाचपून सांगा, आपण कितव्या कड्यापाशी आहोत?" मोठमोठे वैमानिक चुकतात. ती त्यांना रागावत नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावते.