अय्युबच्या मशीनमधली खरखर

अकोल्याच्या जुन्या शहरात अय्युब अ‍ॅम्प्लिफायर बनवायचा. लोक त्याला मशीन म्हणत, म्हणून तोही मशीनच म्हणे. आवाज कसा तर धुतल्या तांदळासारखा निघाला पाहिजे, ही त्याची घमेंड. घमेंडच म्हणतो मी, कौतुक नाही. आवाजाची लहर दाखवणारं यंत्र दुकानात होतं, त्यावर त्याने कापड टाकून ठेवलं होतं. "कान हायेत ना मले," म्हणायचा.

भगवंत त्याचा जुना दोस्त. अमरावतीला, राजापेठेत गाणं शिकवायचा. त्याच्या गळ्यात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढायचं ठरवलं. त्याआधी एकदा, शेवटचं, शिष्यांसमोर गायचं भगवंतच्या मनात होतं. मशीन अर्थातच अय्युबचं.

मशीन तपासायला भगवंत दुकानात आला, माइकसमोर गायला. अय्युबचं तोंड वाकडं झालं.

"खरखर येऊन राहिली."

"अबे, थे मशीनची नाही, माह्या गळ्याची हाय. राहू दे."

"गप रे. तुह्या गळ्यात कधी खरखर होती?"

भगवंत हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. दोस्ताचा गळा बिघडलाय हे अय्युबला माहीत होतं, पण त्याचे कान ते मानायला तयार नव्हते. त्यापेक्षा स्वतःच्या मशीनला दोष देणं त्याला सोपं गेलं.

आवाज साफ करायची एक रीत असते. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा हिस्सा उलटा करून परत आत पाठवायचा, म्हणजे मशीनने घातलेली चूक आतल्या आत कापली जाते. याला फीडबॅक म्हणतात. अय्युबने तो वाढवला. भगवंत पुन्हा गायला, खरखर तशीच. आणखी वाढवला. जी चूक मशीनची नव्हतीच, ती मशीन कुठून कापणार?

कुलसुमबी चहा घेऊन आली होती. नवऱ्याला म्हणाली, "अजी, थोडी रायली खरखर तं काय बिघडते?"

"तुले समजत नाही," अय्युब खेकसला.

पण फीडबॅकलाही हद्द असते. परतणारा हिस्सा वेळेवर पोचला तर चूक कापतो. फार उशिरा पोचला तर उलट तीच चूक वाढवतो. कारागीर म्हणतात, फेज सरकली. मग मशीन स्वतःशीच किंचाळत बसतं, इतक्या उंच सुरात की माणसाला ऐकू येत नाही, आणि आतल्या आत जळतं. दुकानात स्पीकर हातभर वायरीवर होता, तिथे निभावलं. कार्यक्रमाच्या दिवशी राजापेठेतल्या हॉलमध्ये वायर पार मागच्या भिंतीपर्यंत नेलेली. त्या लांबीने जेवढी फेज सरकायची तेवढी सरकली. कापडाखालच्या यंत्राला हा धोका आधीच दिसला असता.

भगवंतने डोळे मिटून सूर लावला. आलाप वर चढू लागला आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. मशीन बंद पडलं. रेकॉर्डिंगही त्याच मशीनमधून घेतलेलं, तेही तिथेच संपलं. भगवंत तसाच, माइकवाचून गात राहिला. गळ्यात जोर नव्हता. पुढच्या रांगेतल्या दोघाचौघांना काय ते ऐकू आलं असेल. मग त्याला ठसका लागला आणि तो उठला. अय्युब अजून जळक्या मशीनवरच वाकलेला होता.

ऑपरेशननंतर भगवंत अकोल्याला आला. गळ्याला रुमाल. अय्युबने मशीन दुरुस्त केलं होतं, फीडबॅक उतरवला होता, लांब वायर लावून आणि कापड काढून तपासलंही होतं. भगवंत दिसताच त्याने सवयीने माइक पुढे केला, आणि मग त्याला कळलं आपण काय केलं ते. हात मागे घ्यायचंही सुचेना.

भगवंतनेच माइक घेतला. रुमाल खाली ओढला आणि माइक गळ्यात श्वासासाठी पाडलेल्या भोकापाशी धरला. स्पीकरमधून त्याचा नुसता खरखरता श्वास आला. आत येत होता, बाहेर जात होता, आणि त्यात सूर नव्हता.

मशीन अगदी साफ चाललं होतं. अय्युब ती खरखर ऐकत उभा राहिला.