गोवर्धनची गाठ

चहा बशीत ओतायचा, पण प्यायला विसरायचा. गाडीखाली शिरण्याआधी चपला बाहेर काढून ठेवायचा. सुटलेला प्रत्येक नट बोटाने चोळून बघायचा. रागावला की गप्प व्हायचा, खूश झाला की शिवी द्यायचा. आणि खिशात नेहमी जाळ्याच्या दोरीचा तुकडा. खाडीकाठच्या करावे गावात बापाची होडी होती. गोवर्धनने होडी सोडली, दोरी सोडली नाही.

तुर्भ्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. मी बी.ए. झालो, नोकरी नव्हती, रोज तिथे जाऊन बसायचो. तो मला मास्तर म्हणायचा.

मार्केटातल्या कांद्याच्या व्यापाऱ्याची, जयप्रकाशशेठची, बाहेरच्या देशातून आलेली जुनी गाडी होती. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना मागे ड्रमब्रेक असतात. हिला मागेही डिस्क. ब्रेकचे नवे पॅड बसवायचे तर आधी पॅड दाबणाऱ्या चिमट्यातला, कॅलिपरमधला, पिस्टन मागे सारावा लागतो, म्हणजे जाड पॅडला जागा होते. पुढचा पिस्टन क्लॅम्प लावून दाबला की आत जातो. गेल्या वर्षी गोवर्धनने मागचाही तसाच दाबला. जात नव्हता, म्हणून आणखी दाबला. आत काहीतरी तुटलं. दुसऱ्या दिवशी हँडब्रेक ओढून उभी केलेली गाडी मार्केटच्या उतारावरून आपली आपण निघाली आणि कांद्याच्या थप्पीत घुसली.

कुणाला लागलं नाही. पण शेजारच्या गॅरेजचा धनाजी, साताऱ्याकडचा, वर्षभर रोज विचारायचा, "काय गोवर्धनभाऊ, आज कांदं गोळा कराया माणसं पाठवू का?"

गोवर्धन नट चोळत राहायचा. गिऱ्हाइकं तुटत गेली. ब्रेकच्या कामाला त्याच्याकडे कुणी येईना. त्याची बायको, सगुणावहिनी, म्हणाल्या, होडी अजून हाय. तो म्हणाला, "नाय. आधी त्यो पिस्टन."

भंगारातून तसलाच एक कॅलिपर आणून त्याने उघडला. आतल्या दांड्याला स्क्रूसारखे आटे होते. हँडब्रेक त्यावरच चालतो. तो पिस्टन दाबायचा नसतो, फिरवत आत न्यायचा असतो. पिस्टनच्या तोंडावरच्या दोन खाचांत बसतील अशा दोन खुंट्या त्याने पान्याच्या जुन्या सॉकेटवर वेल्ड केल्या. "मास्तर, मागला हट्टी हाय. त्याला ढकलशील तं मोडंल. वळवशील तं जाईल."

या हिवाळ्यात शेठची गाडी पुन्हा पॅडना आली. मलाही नवल वाटलं. शेठ म्हणाला, "सगळे म्हणाले, दुसरीकडं ने. पण तेव्हा ‘चूक माझी’ असं तूच येऊन सांगितलंस. आता नीट कर."

गोवर्धनने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल केलं. चपला काढल्या. डावा कॅलिपर सोडवून तो नळीवर लोंबू नये म्हणून दोरीने वर स्प्रिंगला बांधला. सॉकेट लावून फिरवत राहिला. पिस्टन गेला. मला त्याने अशी शिवी दिली की धनाजी बघायला आला.

जेवणापर्यंत डावी बाजू झाली. उजवा पिस्टन अर्धा आत गेला असताना तो म्हणाला, "जरा पानी पिऊन येतो." माठापाशी बसला. मला वाटलं, दमलाय.

डॉक्टर म्हणाले, हृदय.

बारावं झाल्यावर शेठ गाडी न्यायला आला. सगुणावहिनींनी किल्ली माझ्याकडे दिली होती. शटर मी उघडलं. चपला तिथेच होत्या. धनाजी क्लॅम्प घेऊन आला होता. राहिलेलं मी उरकतो, म्हणाला. पण तो आधी डाव्या चाकाकडे गेला. मला गाडीत बसवून हँडब्रेक ओढायला लावला. जॅकवर उचललेलं चाक दोन्ही हातांनी फिरवायला गेला. चाक जागचं हललं नाही. ब्रेक सोडायला लावला. चाक सहज फिरलं. त्याने पुन्हा ओढायला लावला, पुन्हा सोडायला.

"शेठ, भावानं चोख बसवलंय," तो म्हणाला. मग उजवीकडे येऊन वाकला. हातातला क्लॅम्प त्याने हळूच खाली ठेवला.

शेठ म्हणाला, "राहू दे. मला घाई नाही."

उजवा कॅलिपर जाळ्याच्या दोरीवर टांगलेला होता. खाचांत सॉकेट तसंच अडकलेलं. पिस्टन अर्धा आत, अर्धा बाहेर. नवे पॅड खाली कागदावर. गोवर्धनची गाठ पक्की होती. ती सोडायला कुणी हात घातला नाही.