लाल पुडी

परदेशी निघालेल्या माणसांच्या त्या दवाखान्यात बाईंना सगळे ‘भित्र्या डॉक्टर’ म्हणायचे, तेही तोंडावर. लस टोचून घ्यायला आलेल्याला त्या तासभर घाबरवायच्या. पाणी, डास, कुत्री, नदीतली आंघोळ, काही म्हणून सोडायच्या नाहीत. एक खलाशी एकदा म्हणाला होता, “बाई, बोट परवडली, तुमच्या खुर्चीतच मळमळतंय.” बाई हसल्या होत्या, आणि त्याला आणखी एक सुई टोचली होती.

बाई जाऊन दोन महिने झाले. त्यांच्या आठवणी सांगायला माणसं रविवारी सकाळी दवाखान्याच्याच बाहेरच्या खोलीत जमली होती. कंपाउंडरकाका गोळ्यांच्या खिडकीपाशी उभे होते. तेवीस वर्षं बाईंनी लिहायचं आणि काकांनी पुड्या बांधायच्या. बोला म्हटल्यावर त्यांनी हातच जोडले. चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हणजे त्यांची बोबडी वळायची.

खलाशी उठला. “मलेरियाच्या मुलखातून परतलो की दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन यायचाच. ‘लाल पुडी सुरू केलीत का?’ मी म्हणायचो, आता घरी आलो, इथे कुठला डास? तर म्हणायच्या, ‘डास तिकडे राहिला, पण त्यानं दिलेलं तुम्ही अंगात घेऊन आलात. घरी पोचलात म्हणून प्रवास संपला नाही.’”

मग बाईंच्या बरोबरीने काम केलेले म्हातारे डॉक्टर बोलले. बाई नव्या होत्या तेव्हा त्यांच्या एका पेशंट बाईंनी, एक शिक्षिका होत्या त्या, घरी परतल्याबरोबर गोळ्या थांबवल्या. चौदाव्या दिवशी मलेरियानं त्या गेल्या. तेव्हापासून तिकडे घ्यायच्या गोळ्या पांढऱ्या पुडीत आणि परतल्यावर चार आठवडे घ्यायच्या लाल पुडीत. पांढरी काकांनी खिडकीतून द्यायची. लाल मात्र बाई स्वतः हातात ठेवायच्या, आणि ‘चार आठवडे’ असं म्हणवून घेतल्याशिवाय माणसाला सोडायच्या नाहीत.

“दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो,” म्हातारे डॉक्टर म्हणाले. “बाई जन्मभर फुंकत राहिल्या, म्हणून तुम्ही इथे बसलाय.”

काकांना एकदम आठवलं. फिटर!

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पंपाचा फिटर पुडी न्यायला आला होता. मलेरियाच्या मुलखात सहा आठवड्यांचं काम होतं, दवाखान्याचा तो शेवटचा पेशंट. “बाई कुठायत?” त्यानं विचारलं. बाई गेल्या, हे शब्द काकांच्या तोंडून फुटेनात. “बाई आज नाहीत,” एवढंच ते म्हणाले आणि सवयीनं पांढरी पुडी त्याच्या हातात दिली. लाल पुडी द्यायची सवय त्यांच्या हाताला नव्हतीच.

काका बाईंच्या खोलीत गेले. लाल पुड्या बाई टेबलाच्या ज्या खणात ठेवायच्या, तो उघडायचा धीर त्यांना दोन महिने झाला नव्हता. आत लाल पुडी होती. गाठ काकांची, वर अक्षर बाईंचं: पंपवाले, अठ्ठावीस गोळ्या.

त्यांनी फोन लावला. फिटरच्या बायकोनं उचलला.

“काका होय? अहो, झोपलेत ते. तीन दिवस झाले, ताप येतोय नि जातोय. इथले डॉक्टर म्हणाले, साथ आहे. पण सकाळपासून काहीतरी भलतंच बोलतायत.”

“परत कधी आले?”

“पंधरा दिवस झाले की.”

“आणि गोळ्या?”

“त्या तर तिकडेच संपल्या.”

पुडी काकांच्या मुठीत होती. ती खिशात टाकली असती तर कुणाला कळणार होतं? साथीचा ताप, दुसऱ्याचं निदान, काकांचा संबंध काय! हा विचार आपल्याला आला, याचीच त्यांना सगळ्यांत जास्त भीती वाटली. पुडी वर धरून ते बाहेरच्या खोलीत आले.

“माझी चूक झालीय,” ते म्हणाले. “एक माणूस मरेल. गाडी कुणाकडे आहे?”

खलाशानं गाडी काढली. म्हातारे डॉक्टर पुढे बसले आणि वाटेतच त्यांनी हॉस्पिटलला फोन केला. फिटरला चौघांनी उचलून आणलं. डोळे पिवळे, अंग चटके बसावेत इतकं तापलेलं. रक्त तपासायला गेलं आणि काका बाकावर बसून राहिले. बायको शेजारी होती. तिला त्यांनी सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मलेरियाच निघाला, तोही जिवावरचा. लगेच सलाईनमधून औषध सुरू झालं. “उद्यावर गेलं असतं तर कठीण होतं,” तिथली डॉक्टर म्हणाली. “आजही खात्री देत नाही.”

तिसऱ्या दिवशी फिटरनं डोळे उघडले आणि माणसं ओळखली. बायकोनं काकांना आत बोलावलं. फिटरचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

“काका, परत आल्यावर मी नेहमीसारखी बाईंच्या फोनची वाट बघत होतो. आला नाही. म्हटलं, बाईंनाच भीती वाटत नाही, तर मी कशाला भिऊ?”

काकांनी पलंगाची कड धरली, आणि बाई गेल्याचं त्याला सांगितलं.