दहा-अकराचा पाना

काकांनी माझा पाना पाटावरून उचलला, त्यांच्या मुलाच्या, विक्रमच्या, रांगेत ठेवला आणि त्यावर गंधाचे बोट ओढले.

मी तेरा वर्षांची होते. दिवस खंडेनवमीचा. तंजावरात त्या दिवशी आमच्या कुळातली सगळी घरे आपापली आयुधे घेऊन काकांच्या दिवाणखान्यात जमत. काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ, थोरल्या शाखेचे, कावेरीकाठच्या भातजमिनींचे मालक. पाटांच्या पहिल्या रांगेत त्यांच्या पणजोबांच्या दोन तलवारी असत. त्या म्यानातून निघत नसत. गंजाने आतच धरल्या होत्या. मग विक्रमच्या वह्या-पुस्तकांची रांग, टाइपरायटर, एका वकील चुलत्यांचे पेन. सर्वांत शेवटी, भिंतीला लागून, माझ्या वडिलांची हत्यारे. पूजा झाली की दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्यापर्यंत कुणी आपल्या आयुधाला हात लावायचा नाही, असा नियम होता. आयुधे त्या दिवशी विसावतात.

वडिलांच्या रांगेच्या टोकाला मी माझा पाना ठेवला होता. दहा-अकराचा, दोन्ही टोकांनी उघडा; एका टोकात दहाचा बोल्ट बसे, दुसऱ्यात अकराचा.

"हा कुणाचा?" काकांनी विचारले.

"माझा."

काका हसले. मोठ्याने हसले असते तर बरे झाले असते. "पोरीस पाना? अय्यो! अग, तिची अरुवामनै आण."

काकूंनी स्वयंपाकघरातून विळी आणली. पात्याला खोबऱ्याचा कीस चिकटलेला होता. माझ्या पान्याच्या जागी विळी आली.

"हे तुझं आयुध. नमस्कार कर. पाना विक्रमास होईल. तो इंजिनीअर होणार."

बायका हसल्या. कुणीतरी म्हणाले, "नवरा मोटारीचा बघा हो हिला!" पुन्हा हशा. मी माझ्या वडिलांकडे, अप्पांकडे, पाहिले. अप्पा जमिनीकडे पाहत होते. त्यांनी हात मागे बांधले होते, कारण त्यांच्या नखांतले काळे तेल कोणत्याही साबणाने जात नसे. विक्रमने पान्यापुढे हात जोडले. त्याची नखे गुलाबी होती.

मी नमस्कार केला. ते मला आजही विसरता येत नाही. मी विळीला नमस्कार केला.

विळीचा अवमान मला करायचा नाही. माझी आई आयुष्यभर विळीवर बसली आणि तिने चिरलेली भाजी पाहण्यासारखी असे. पण ती विळी आईचीही नव्हती. काकूंची होती. मला उसने आयुध दिले गेले आणि माझे स्वतःचे दुसऱ्याला.

माझे का, ते सांगते. तिरुवैयारुच्या रस्त्यावर कालव्याला लागून अप्पांची पत्र्याची शेड होती. भातशेतीच्या पंपांची इंजिने, मोपेड आणि काकांची काळी मोटार तिथे दुरुस्त होत. अप्पा शाळा सोडलेले. सगळे ज्ञान खोलून आणि जोडून मिळवलेले. अकराव्या वर्षी मी एका मोपेडचे इंजिन एकटीने खोलले आणि एकटीने बसवले. ते पहिल्या किकला सुरू झाले. अप्पांनी खिशातला पाना माझ्या हातावर ठेवला. त्यांच्याकडून मला मिळालेले ते एकमेव प्रमाणपत्र.

त्या खंडेनवमीपासून मी विक्रमचा मत्सर करू लागले. हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. दुःख, खंत, असे सभ्य शब्द उपलब्ध आहेत. ते खोटे ठरतील. मत्सर ही माझ्या दृष्टीने एक मोजणी होती. दोन माणसे, एकच कूळ, वयात एका वर्षाचा फरक. एकाला काय मिळाले, दुसरीला काय नाही. हा फरक मी रोज मोजत असे. त्याच्या मोपेडचा. त्याच्या शिकवणीचा. त्याला नापास होण्याची मुभा होती, तिचा तर सर्वांत अधिक. तो गणितात नापास झाला तेव्हा काका म्हणाले, "पोरगं आहे, करील पुढं." माझे चार गुण गेले तेव्हा तेच काका अप्पांना म्हणाले, "पुरे की आता. टायपिंगला घाल."

विक्रमला दूरच्या खासगी कॉलेजात ऑटोमोबाइलला प्रवेश मिळाला. मी तेव्हा बारावीत होते. पहिल्याच सुटीत तो ड्रॉइंग बोर्ड आणि कोरी शीट घेऊन शेडवर आला.

"तंगच्ची, एवढं काढून दे ग. मला सरळ रेघ येत नाही."

तंगच्ची म्हणजे तमिळमध्ये धाकटी बहीण. मी काढून दिले. त्याच्यावरच्या मायेने नव्हे. तो बोर्ड माझ्या हाताखाली यावा म्हणून. वर्षभर मी त्याच्या शीट काढल्या. बेअरिंगचे छेद, दट्ट्याचे तीन बाजूंचे देखावे. प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात नावाचा चौकोन असतो. काढणाऱ्याचे नाव तिथे लिहितात. मी तिथे माझ्या सुवाच्य अक्षरात त्याचे नाव लिहीत असे. पंगतीत काकू सगळ्यांना ती शीट दाखवत. "विक्रमचा हात बघा," म्हणत. मी वाढत असे.

पुढे मला गुणांवर सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज मिळाले. वर्गात मुली आम्ही दोघी. वर्कशॉपच्या तासाला दोघींना वही धरून बाजूला उभे राहायला सांगत. मी वही खाली ठेवली. मग मद्रासजवळच्या एका कारखान्यात लागले. "मॅडम, वर बसा, वर पंखा आहे," असे फोरमन म्हणाले. मी खालीच, इंजिनांच्या चाचणीवर राहिले. गिअरबॉक्स, मग ट्रॅक्टर, मग पेट्रोलच्या इंजेक्शनची नवी इंजिने. बाहेरच्या कंपन्या देशात येत होत्या, दर वर्षी नवी गाडी निघत होती आणि जुन्या मिस्त्रींना न कळणारी इंजिने आम्हा नव्यांना आधी कळत होती. दोन वर्षांनी पुण्याला बदली झाली. ही मराठी मी तिथे लिहायला शिकले. घरी आम्हाला फक्त बोलता येत होती आणि ज्या मराठीत माझा अपमान झाला ती पुण्यात कुणाला नीट कळत नसे.

विक्रम चार वर्षांचा अभ्यास सहा वर्षांत पुरा करून तंजावरला परतला. काकांनी त्याला नव्या गाड्यांचे शोरूम काढून दिले. काचेच्या भिंती. दारावर त्याचे नाव, नावापुढे इंजिनीअर. मी ते पहिल्यांदा पाहिले त्या दिवशी मला जेवण गेले नाही. माझे नाव तोपर्यंत कोणत्याही दारावर नव्हते.

मला विसरता न येणारी दुसरी खंडेनवमी त्या शोरूममध्ये आली. मी सुटीवर घरी होते, सव्वीस वर्षांची. सकाळी काकांचा माणूस बोलवायला आला. "गाड्या उठत नाहीत. लगेच या."

मुहूर्तावर न्यायच्या तीन नव्या गाड्या ओळीत उभ्या होत्या. झेंडूच्या माळा घातलेल्या, चाकांखाली लिंबे ठेवलेली. पहिल्या गाडीपाशी ओरत्तनाडूचे एक निवृत्त मास्तर पत्नीसह उभे होते. बाईंच्या हातात नारळ होता. एकही गाडी सुरू होत नव्हती.

कारण मला चालत येतानाच दिसले. फरशी ओली होती. पूजेच्या पहाटे गाडी नळीने धुवायची, बोनेट उघडून इंजिनसुद्धा, ही आमच्याकडची जुनी रीत. जुन्या मोटारींना ते चाले. पाणी गेले तर झाकण काढून धोतराच्या सोग्याने पुसायचे. या गाड्या तशा नव्हत्या. पाणी इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या जोडण्यांत उतरले होते. प्रत्येक कॉइल एका बोल्टवर. काढायची, कोरडी करायची, लावायची. तीन गाड्या, दीड तास. बोल्ट दहाचा.

आणि शोरूमची सगळी हत्यारे आत पूजेत होती. मिस्त्री हात मागे घेऊन उभे होते. "आज आयुधास हात लावायचा नाही, अम्मा," त्यांच्यातला वडीलधारा तमिळमध्ये म्हणाला. विक्रमकडे तर पाहायचेच कारण नव्हते. त्याला तो बोल्ट सापडला नसता.

मला आनंद झाला. हे मी लपवत नाही. तीन मेलेल्या गाड्यांपुढे उभी राहून मी मनातून हसले.

काकांनी मला बाजूला घेतले. "तू कर. तुला चालतं. तुझं आयुध पूजेत कुठं आहे? मग दोष कसला?"

तेरा वर्षांपूर्वी विळी मांडणाऱ्या हाताने ते माझा खांदा थोपटत होते. माझ्याजवळ आयुध नाही, हे आता मला वापरून घेण्याचे कारण झाले होते.

"कुठे करू?" मी विचारले.

"मागच्या शेडात. गाड्या ढकलून नेऊ. माणसांसमोर नोको."

विक्रम पुढे आला. त्याने कोरा निळा ओव्हरऑल हातात धरला होता. "मी हा घालतो, तंगच्ची. गाडी बाहेर मी आणतो. हात तुझा, तोंड माझं. शीट काढायचीस ना, तसं."

शीट काढायचीस ना, तसं. त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. त्याच्या लेखी ती आमची आठवण होती.

"इथे करीन," मी म्हटले. "माणसांसमोर. जॉबकार्डावर काम करणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहा."

"बाईचं नाव? खंडेनवमीस? गिऱ्हाईक काय मणतील?" काकांचा आवाज चढला. "डोकं फिरलं काय ग तुझं?"

अप्पा मागे उभे होते. आता त्यांचे केस पांढरे होते. ते हळू बोलले, "ऐक बाळा. काकास नोको मणू नोको. आपल्या घरचं काम."

मी अप्पांकडे पाहिले. त्यांचे हात मागे बांधलेले होते. त्यांना इंजिनाचा आवाज ऐकून त्याचा रोग कळे. माझा आवाज त्यांनी दोन्ही वेळा ऐकला आणि दोन्ही वेळा तो कळूनही ते जमिनीकडे पाहत राहिले. मला त्यांची दया आली. पण मी ऐकले नाही.

मी आत पूजेपाशी गेले. पुढे त्याच दोन तलवारी. मग हत्यारांच्या रांगा. विक्रमच्या रांगेत, लाल मखमलीच्या तुकड्यावर, माझा पाना. त्याने तो निकेलचा मुलामा देऊन चकचकीत केला होता. "लहानपणापासूनचा माझा पाना," असे तो गिऱ्हाइकांना सांगतो, हे मी ऐकून होते. गंध अजून ओले होते. मी पाना उचलला.

"पूजेतलं आहे ते! ठेव!" काका ओरडले.

"माझं आयुध इथे नाही, असं तुम्हीच आत्ता म्हणालात. मग हा कुणाचा?"

तेरा वर्षांपूर्वी हाच प्रश्न त्यांनी मला विचारला होता.

मी पदराने गंध पुसले. बाहेर आले. मास्तरांना म्हणाले, "गाडी चांगली आहे. जोडण्यांत पाणी गेलंय. बोनेट उघडं ठेवून दिवसभर उन्हात उभी करा, किल्ली फिरवू नका. उद्या सुरू होईल." मास्तरांनी विचारले, "तुम्ही कोण?" मी म्हटले, "इंजिनीअर." मागून काकू कुणालातरी सांगत होत्या, "जळते हो ती. लहानपणापासून जळते."

खरे आहे. जळते.

एकाही बोल्टला हात न लावता मी पाना घेऊन निघाले. गाड्या त्या दिवशी हलल्या नाहीत. दसऱ्याला मिस्त्रींनी त्या सुरू केल्या आणि किल्ल्या विक्रमनेच दिल्या, हार घालून. मास्तरांचा आणि विक्रमचा फोटो शोरूमच्या काचेवर लागला. मी गेले म्हणून त्याचे काही अडले नाही. काकांच्या घरचे बोलावणे मला त्यानंतर आले नाही. अप्पा फोनवर हवामानाबद्दल बोलतात.

पाना पुण्यात माझ्या ड्रॉइंगच्या टेबलावर आहे. वरचा मुलामा मी कानशीने घासून काढला. खालचे काळे लोखंड दिसेपर्यंत घासला. खंडेनवमीला मी तो पाटावर मांडत नाही. त्या दिवशी मी कामावर जाते आणि त्याच पान्याने काम करते.

मत्सर गेलेला नाही. तो जावा म्हणून मी काही करणारही नाही. त्यानेच मला मोजायला शिकवले. शीटच्या उजव्या कोपऱ्यातला चौकोन मी आता रेषा काढण्याआधी भरते. माझ्या हातचे काम माझ्या नावाशिवाय कोणत्याही दारातून बाहेर जाणार नाही. मागच्या शेडातून तर नाहीच.