केतकीची जांभळी पट्टी

आमच्या लॅबमध्ये रिझल्ट सहा महिन्यांतून एखादा येतो, किस्से मात्र रोज! लिहून ठेवले असते तर कोणाच्याही थिसिसआधी तेच पुस्तक झालं असतं.

लॅब मुळशीत, कोळवण रस्त्याला. जागा तात्यांची. भाडेकरू काय करतात ते बघायला तात्या रोज एक चक्कर मारतात. एकदा केतकीला विचारलं, तू नक्की करतेस काय? केतकी लातूरची, पीएचडीचं तिसरं वर्ष. तिने नीट सांगितलं. प्रत्येक पेशीला चरबीचं पातळ आवरण असतं, त्यातल्या काही रेणूंवर बाहेरच्या बाजूने साखरेचे तुरे असतात, आणि त्या तुऱ्यांवरून पेशी एकमेकींना ओळखतात.

तात्या म्हणाले, "म्हंजी दारावरची पाटी. त्यात तीन वर्सं?"

*

हे साखरवाले रेणू मेंदूत भरपूर. म्हणून केतकी, जन्माची शाकाहारी, दर रविवारी मटणाच्या दुकानासमोर रांगेत. दुकानदाराने शेवटी विचारलंच, "ताई, भेजा कशात शिजवता?"

"क्लोरोफॉर्ममध्ये."

"मसाला घरचा हाय का इकतचा?"

*

मग बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटी. कंडक्टरने विचारलं, आत काय? केतकीला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, मेंदू.

तो एक पाऊल मागे सरकला. "बोकडाचा ना?"

तेव्हापासून तिच्या शेजारची सीट रिकामी असते.

*

आणि हा त्या शुक्रवारचा. गाईड सरांनी आधीच सांगितलं होतं, भेज्यातून काढलेले रेणू काचेच्या प्लेटवर चढव आणि शुक्रवारपर्यंत साखरेची जांभळी पट्टी दाखव, नाहीतर विषय बदल. म्हणजे पीएचडी पहिल्यापासून. केतकी आठवडाभर लॅबमधून हलली नाही.

नेमकी त्याच दिवशी तात्यांना नात झाली. जिलेबी आली, पहिली सरांना. खाता खाताच सरांनी केतकीकडून प्लेट घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि काहीच दिसत नाही म्हणून परत दिली. दिसणार कसं? स्प्रे मारून प्लेट तापवायची, मग जिथे साखर तिथे जांभळं.

केतकीने स्प्रे मारला, तापवली. मधोमध पट्टी आली! फिकट, पण बरोबर जागेवर. आणि कोपऱ्यात गडद जांभळा अंगठा, रेषान् रेषा दिसणारा.

सर गंभीर झाले. "हे कॉन्टॅमिनेशन आहे. अंगठा कोणाचा?"

केतकीचा चेहरा उतरला. आम्ही बाकीच्या दोघा विद्यार्थ्यांनी ग्लोव्हजसकट हात वर केले.

दारातून तात्या म्हणाले, "साहेब, तुमचा लावून बघा की."

सरांनी खरंच शेजारी अंगठा धरला. दोन्हीकडे पाहिलं. मग हात खिशात घातला.

"पट्टी चांगली आली आहे. विषय हाच ठेव. फोटो काढताना तेवढा कोपरा काप."