तळ्यावरच्या इंजिनाची दोरी

सिरोंचा भागातल्या एका तळ्याकाठचे ते प्रकरण माझ्या स्मरणातून अद्याप गेलेले नाही. मासेमार संस्थेचे पाण्याचे इंजिन खड्ड्यातून वर काढताना दोरी तुटली. इंजिन अध्यक्षाच्या पायावर पडले. मांडीचे हाड मोडले. आदल्या दिवशी अध्यक्षाचे एका सभासदाशी कडाक्याचे भांडण झाले होते. दोरी त्याच सभासदाची, आणि तुटली तीही त्याच्याच बाजूला. ती आधीच अर्धी कापून ठेवली होती, अशी फिर्याद अध्यक्षाच्या भावाने दिली. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवून मी सभासदाला अटक केली.

फिर्यादीचा मुद्दा बिनतोड वाटत होता. "साहेब, मागच्या साली हेच इंजन, हाच दोर. तवा नाई तुटला, आता काऊन तुटला?"

चौकशीत आरोपी एकच सांगे, "दोर मी कापीन काय जी? जाळ्याचा दोर हाय तो, त्याच्यावरच तर माह्यं घर चालते."

त्याची बायको ठाण्याच्या फाटकाशी बसून असे. दोरीचे टोक प्रयोगशाळेत गेले होते; अहवाल येईपर्यंत तिला सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

मी पुन्हा घटनास्थळी गेलो. मागच्या वर्षी इंजिन कसे काढले, हे फिर्यादीला विचारले.

"वरच्या फांदीवरून, सरळ. यंदा फांदी मोडली, म्हून दोन झाडांतून आडवा दोर टाकला आन् मधात इंजन टांगलं."

"झोल किती ठेवला होता?"

तो दुखावला. "आमी मासे धरनारे मानसं, साहेब! जाळ्याचा दोर कोनी ढिला बांधते काय? साऱ्यायनं वढून पार सरळ केला."

मी मासळी बाजारातून वजनाचे दोन लटकते काटे मागवले. देणारी बाई म्हणाली, "साहेब, ठाण्यात मासोळ्या इकून राह्यले काय?"

पंचांसमोर पाच किलोचा दगड दोन दोऱ्यांनी दोन काट्यांना टांगला. काटे जवळ असताना प्रत्येकावर अडीच किलो. शिपायांनी ते दूर नेले. दोऱ्या आडव्या रेषेशी तीस अंशांवर आल्या, तेव्हा प्रत्येकावर पाच. आणखी सपाट केल्यावर दहा. दगड मात्र मध्ये स्थिर.

"दगड तर तोच हाय!" फिर्यादी म्हणाला.

"वजन पेलते ती वरच्या दिशेची ओढ," मी म्हणालो. "दोरी सपाट झाली की तिच्या ओढीतला थोडाच भाग वर लागतो. मग तेच वजन पेलायला ओढ कैक पट वाढते."

फिर्यादीने वाकून दोन्ही काट्यांवरचे आकडे स्वतः वाचले. "म्हंजे आमीच साऱ्यायनं तोडला म्हना."

प्रयोगशाळेनेही तेच कळवले: तंतू ताणाने तुटलेले, कापलेले नाहीत. सभासद सुटला.

इंजिन पुन्हा काढले तेव्हा मी हजर होतो. दोर त्याच सभासदाने बांधला. कुबडीवर उभा अध्यक्ष खेकसला, "ताणू नको बे, झोल राहू दे!"

"तू आधी खालून बाजूले हो ना भाऊ."

इंजिन वर आले.

दोरी तुटली की तिच्या टोकाशी कोण उभा होता, हे आपण प्रथम विचारतो. ती कशी बांधली होती, हे प्रथम विचारायचे, असा नियम मी पुढच्या सेवेत पाळला.